पाठीतून गेलेला आवाज

“पायांकडे बघायचं, मडक्याकडे नाही. मडक्याकडे बघितलं की बोलावंसं वाटतं.”

तिला विस्तव वाहायला शिकवणाऱ्या ओसीनआत्याला जाऊन कितीतरी हिवाळे लोटले होते, तरी खिंडीचा चढ लागला की तिचा आवाज तुवेलीच्या कानात असा येई, जणू आत्या दोन पावले मागून चालते आहे. तुवेली मग पायांकडे बघे. आजही ती पायांकडेच बघत होती. छातीशी लोकरीच्या पट्ट्याने बांधलेले मडके, मडक्यात राख आणि राखेत विस्तवाचे पिल्लू. झोपेत ते मधूनच कूस बदले, आणि त्याची ऊब तिच्या बरगड्यांवरून मांजराच्या पंजासारखी फिरे.

“मावशी, ऐकतेस ना?” पुढून बोर्घनने विचारले. “म्हणजे काय, ऐकतेसच. दुसरं करणार काय तू!”

वाल्देहून केर्माला मीठ आणि जव नेणारा हा माणूस बोलल्याशिवाय चढ चढूच शकत नसे. त्याच्या केसाळ बैलाचे नाव त्याने जावई ठेवले होते. खातो फार, ओझं म्हटलं की गुडघे दुखतात, आणि रागवायची सोय नाही, असे त्याचे म्हणणे.

“परवा जावई काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, मामा, तुम्ही चला पुढे, मी उन्हं खातो. तू हसत नाहीस मावशी. हसायला बंदी नाही ना? बोलायलाच आहे.”

तुवेलीने एक हात मडक्यावरून काढून त्याच्या दिशेने झटकला. चल पुढे. हा तिचा ठरलेला हातवारा. बोर्घनही दरवेळी ठरल्याप्रमाणे खदखदून हसे.

वाटेत एक दगडकासव आडवे बसले होते. थंडी पडू लागली की ती उन्हाकडे तोंड करून वाटेवरच ठाण मांडतात. बोर्घनने टाचेने जमिनीवर हलकेच ठोकले आणि वाकून म्हणाला, “सरका हो आजोबा, माणसं जायची आहेत.” दगड कुरकुरला, चार बोटे बाजूला झाला. बोर्घनच्या घराण्यात दगडाशी बोलायची हातोटी होती. पाण्याशी मात्र त्यांचे कधी जमले नाही.

विस्तवाच्या पिल्लाचे कान आधी उघडतात, डोळे मागून. वाटेत केव्हातरी ते उघडतात, आणि ज्या छातीशी पिल्लू आहे त्या छातीतून जो पहिला आवाज येईल, त्या आवाजाचे ते होऊन जाते. बाहेरून कुणी कितीही गलका केला तरी तो राखेपाशी अडतो. वाहणारीचा आवाज मात्र हाडांतून आत जातो. म्हणून ही पिल्ले जिथे जन्मतात त्या थोरल्या चुलीपाशी कपाळाला राख लावली की विस्तव वाहणारी बाई मुकी. ज्या घरचा विस्तव, त्या घरच्या बाईने मडके छातीशी धरून हाक मारली की मगच हिचे तोंड सुटायचे. पहाटे आपण चौघांचे नाव मोठ्याने घेतो, विस्तवाचे, पाण्याचे, वाऱ्याचे, मातीचे. तुवेलीने तो नेम कधी चुकवला नव्हता. पण मडके छातीशी असले की तोसुद्धा मनातल्या मनात.

आणि वाहणारीला स्वतःची चूल नसते. तिच्या अंगाला एका विस्तवाचा वास लागला की दुसरे पिल्लू तिच्या मडक्यात उतरत नाही. तुवेली वाल्देत लोकांच्या ओसरीवर राही. पलीकडे कुणाची चूल आहे ती भिंत शोधायची आणि तिला पाठ लावून झोपायचे, असे तिचे आयुष्य गेले होते. गरम भिंतींचा तिला चांगला अंदाज होता.

या खेपेचे पिल्लू केर्माच्या हेस्नीसाठी होते. घरधणीण गेली की तिचा विस्तव तिच्यामागे जातो. म्हणून शहाण्या सासवा हयातीतच सुनेसाठी दुसरे पिल्लू आणवून ठेवतात. हेस्नीची सासू ‘या हिवाळ्यानंतर बघू’ म्हणत राहिली आणि एका सकाळी दूध काढता काढता गेली. चूल त्याच दुपारी थंड झाली. हेस्नीचा नवरा खाली खाऱ्या तळ्यावर कामाला, मांडीवर अजून नावही न ठेवलेली मुलगी, आणि वर हिवाळा. गारगोटीच्या आगीने उजेड होतो, ऊब येत नाही.

“नीट ने गं,” थोरली चूल सांभाळणारी झेमूआजी पिल्लू मडक्यात सोडताना म्हणाली होती. “या हिवाळ्यातलं हे शेवटचं. आता उन्हाळा लागल्याशिवाय चूल विणार नाही.”

दुपार कलताना ती दोघे सोंघी नदीपाशी आली. नदी गोठली होती. पलीकडच्या काठावरून केर्माची वाट वर चढते. बर्फाखालून पाणम्हशी चरत हिंडतात, काचेसारख्या, प्रचंड, आणि अंग खाजले की बर्फाला पाठ घासतात. जिथे घासतात तिथे बर्फ पापडासारखा पातळ उरतो. वरून तो जरा काळपट दिसतो, आत बुडबुडे दिसतात. ते बघून चालायचे, एवढेच.

पण बोर्घन उलटा चालत होता. तोंड तुवेलीकडे, पाठ पलीकडच्या काठाकडे, हातात जावयाचा दोर.

“आणि मग मी म्हटलं, जावईबापू, मुलगी दिली नाही तुम्हाला, ओझं दिलंय...”

त्याच्या मागे चार पावलांवर बर्फ काळा होता. त्याखाली काहीतरी रुंद, संथ सरकत होते. जावई मध्येच थांबला आणि त्याने पाय रोवले. बोर्घनने दोराला हिसका दिला. “बघ, बघ. गुडघे दुखले.”

तुवेलीने हात झटकला. जोराने. बोर्घन खदखदून हसला आणि आणखी एक पाऊल मागे गेला.

तिने परत हात हलवला, बोट दाखवले, मान हलवली. बोर्घनने तिची नक्कल केली. पाय आपटावा तर खालची म्हैस बुजेल. मडके टाकून धावावे तर पिल्लू बर्फावर विझेल आणि ती वेळेवर पोचणारही नाही. तुवेलीने हे सगळे विचार केले की नाही, कोण जाणे. पुढे केर्मात तिला कुणी विचारले तेव्हा ती म्हणाली, मला फक्त त्याची टाच दिसत होती.

“बोर्घन, थांब! मागे काळं आहे!”

तो थांबला. वळून त्याने बघितले, आणि त्याच्या टाचेपासून वीतभर अंतरावर बर्फाला तडा जात असतानाच एक भलीमोठी पाठ खालून घासून गेली. पाणी वर उसळले, गडगडले आणि शांत झाले. बोर्घन हातापायांवर रांगत जावयापाशी आला आणि त्याच्या पुढच्या पायाला मिठी मारून बसला.

तुवेलीच्या छातीशी मडक्यातली राख हलली.

एक नाक वर आले, चिचुंद्रीचे असावे एवढे. मग दोन कान, उभे, कडांना निळसर. मग डोळे उघडले आणि त्यांनी सरळ तिच्याकडे बघितले. पिल्लू मडक्याच्या काठावर चढले, तिच्या हनुवटीचा वास घेतला आणि तिच्या मानेच्या खळग्यात शिरून बसले.

इतकी वर्षे तिने पिल्ले वाहिली, पण एकाचेही डोळे कधी बघितले नव्हते. तिला आधी आनंद झाला. भय मागून आले. त्या आनंदाची लाज तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

“मावशी,” बोर्घन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “तू बोललीस.”

“हो.”

“माझ्यासाठी बोललीस.”

“आता बोललेच आहे तर ऐक. जावयाच्या त्या गोष्टी मला पाठ झाल्यात. एकदाही हसू आलेलं नाही.”

बोर्घन हसू लागला आणि हसता हसता रडायला लागला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. रडून झाल्यावर त्याने नाक पुसले, इकडेतिकडे बघितले आणि आवाज खाली आणला.

“कुणी ऐकलं नाही. मी सांगणार नाही, जावई सांगणार नाही. मडकं द्यायचं आणि माघारी फिरायचं. पुढे विझलं तर म्हणायचं, पिल्लूच अशक्त होतं. असतात की अशक्त.”

“आणि ती पोरगी?”

“कुठली?”

“हेस्नीच्या मांडीवरची.”

बोर्घन हाताला गुंडाळलेला दोर सोडवू लागला.

“ऊठ,” तुवेली म्हणाली. “बाजूने चल. आणि तोंड पुढे करून.”

केर्मात पोचेपर्यंत उन्हे डोंगरामागे गेली होती. हेस्नी गोठ्यात, दोन दुभत्या गाईंच्या मधल्या उबेत, मुलीला पोटाशी धरून बसलेली होती. मडके दिसताच ती धडपडत उठली. तिचा सासरा राग्दू काठी टेकत दारात आला आणि रीतीप्रमाणे त्याने उंबऱ्यावर लोण्याचा गोळा ठेवला.

तुवेलीने उंबरा ओलांडला नाही. “आधी माझं ऐका,” ती म्हणाली.

मडके छातीशी असताना तिला बोलताना ऐकून दोघांचे चेहरे उतरले. पुढचे सांगायची गरजच उरली नाही, तरी तिने सगळे सांगितले. स्वतःच्या बाजूने एक शब्द जास्त घातला नाही.

राग्दूने काठी आपटली. “तोंड मिटून चालायचं, एवढं एकच काम होतं तुला!”

“तिने तोंड उघडलं नसतं तर मी आता पाणम्हशींच्या पायाखाली असतो, काका,” बोर्घन मध्ये पडला.

“मग काय बिघडलं असतं? तिचा नेम राहिला असता आणि आमची चूलही!”

“मामंजी,” हेस्नी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात राग नव्हता. “आत येऊन भांडा. दारातून थंडी येते. मावशी, ये गं आत. बघू तरी.”

तिने रीतीप्रमाणे केले. मडके छातीशी धरले, डोळे मिटले आणि हाक मारली. पिल्लाने कान हलवले, नम्रपणे म्हणावे तसे, आणि मान वळवून तुवेलीला शोधले. हेस्नीने दुसऱ्यांदा हाक मारली नाही. तिने मडके परत दिले, मुलीला उचलले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग तुवेली त्या थंड चुलीपाशी बसली. राख बाजूला केली, देवदाराची ढलपी ठेवली, राळेचा थेंब सोडला आणि म्हणाली, “जा बाळा. बस तिथे.”

पिल्लू उडी मारून चुलीत बसले. अंग फुलवले, शेपूट पेटली, आणि घरात ऊब आली. खरी ऊब, कोपऱ्याकोपऱ्यातून सरकत जाणारी. मुलीच्या मिटलेल्या मुठी पहिल्यांदा उघडल्या. राग्दू काही बोलायचे म्हणून तोंड उघडून बसला होता, तो तसाच बसल्या जागी डुलक्या घेऊ लागला.

तीन-चार दिवस असेच गेले. तुवेली पहाटे चुलीपाशी बसून चौघांचे नाव घेई आणि पिल्लू जिभा काढून डोलत ऐके. सारवलेल्या जमिनीवर, चुलीकडे तोंड करून ती झोपे. भिंत शोधावी लागत नव्हती. हेस्नी जवाच्या पिठात लोणी कालवून पहिला घास चुलीला द्यायला तिच्या हाती ठेवी, घरधणिणीला द्यावा तसा, आणि तुवेलीला तो घेताना हात कुठे ठेवावा ते कळेना.

“राहा ना मावशी,” हेस्नी एकदा म्हणाली. “मला सासू नाही, तुला घर नाही. चूल तुझी झाली म्हणून काय झालं? ऊब सगळ्यांना सारखीच.”

“राहू दे तिला,” राग्दू कोपऱ्यातून गुरगुरला. “नाहीतरी आता वाहायला जायची नाही ती. वास लागला अंगाला.”

त्याने खोचून म्हटले होते, पण ते खरे होते, आणि आतापर्यंत कुणी उच्चारले नव्हते. तुवेलीने मान डोलावली.

तिला मोह झाला नाही असे कोण म्हणेल? मोह झाला. तिने ‘राहते’ म्हणायला तोंडही उघडले. तेवढ्यात तिला खोकला आला. थंडीचा, जुना, दर हिवाळ्याचा. खोकला बराच वेळ थांबेना. तिने वर बघितले तर चुलीतले पिल्लू अंग चोरून निळे पडले होते, आणि हेस्नी त्याच्याकडे बघत नव्हती. ती मुलीला घट्ट धरून तुवेलीकडे बघत होती. त्या नजरेत माया होती. पण सासूच्या त्या सकाळची आठवणही होती.

तुवेली उठली आणि लाकडे आणायला म्हणून बाहेर, गुरांच्या वाड्यापर्यंत गेली. मागून हेस्नीची हाक आली, “मावशी, बोल काहीतरी! खाली बसतंय ते!”

“आहे मी!” ती ओरडली. धुराड्यात परत लाली दिसली.

लाकडे काखेत धरून ती तिथेच उभी राहिली. वाऱ्याची पोरे तिच्या शालीला लोंबकळून खेळत होती. त्यांच्या अंगाला बर्फाचा वास होता. खिंड आता फार दिवस उघडी राहणार नव्हती.

आत येऊन तिने लाकडे ठेवली. “हेस्नी, मी राहिले तर तुझ्या घरात चूल असेल. पण माझ्या खोकल्यावर टांगलेली. मी गेले की ही जाणार. तेव्हा तू परत गोठ्यात.”

“असं अभद्र नको बोलू.”

“अभद्र नाही, सरळ बोलते. तुझ्या सासूने सरळ बोलायचं टाळलं.”

राग्दूने मान खाली घातली.

“मग काय करायचं?” हेस्नी म्हणाली.

“ते मला अजून माहीत नाही. पण हे तुझं करून मगच मी इथून हलेन.”

पुढे जे झाले ते कुणाच्या डोक्यातून निघाले नव्हते. चढाच्या ओझ्याने तुवेलीची पाठ धरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी हेस्नी तिच्या पाठीला कोमट लोणी चोळत बसली. तुवेली पुढे वाकलेली, पिल्लू तिच्या छातीशी शालीत गुरफटलेले. पाळण्यात मुलगी किरकिरू लागली. हेस्नीचे दोन्ही हात लोण्याचे. ती तशीच, तुवेलीच्या पाठीवर कपाळ टेकून, ओरडायचेही त्राण नसल्यासारखी पुटपुटली, “आले गं माझे बाई, आले. रडू नको. आले.”

पिल्लाने झटकन कान उभे केले.

तुवेली हलली नाही. पिल्लू तिच्या छातीला कान लावून ऐकत होते. मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितले. तोंड मिटलेले होते. परत त्याने छातीला कान लावला.

“काय झालं?” हेस्नी कपाळ उचलून म्हणाली. पिल्लाने कान पाडले.

तुवेलीने मागे हात नेऊन हेस्नीचे डोके परत आपल्या पाठीला टेकवले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “बोल. काहीही बोल. तोंड हाडाला लावून बोल.”

“काय बोलू?”

कान उभे राहिले.

हेस्नीला कळले. ती बोलत राहिली, मुलीला, गाईंना, चुलीला, जे सुचेल ते. तिचा आवाज म्हातारीच्या पाठीतून, बरगड्यांतून पलीकडे जात होता.

थोड्या वेळाने तुवेलीने हात वर करून तिला थांबवले. तिने पिल्लाला चुलीत ठेवले, हेस्नीला दाराबाहेर नेले, अंगण ओलांडून बरेच लांब, आणि समोर उभी राहिली. बोर्घन तिथेच बैलाचे खोगीर शिवत बसला होता. त्याला भरपूर सोबती मिळूनही तो खाली वाल्देला परतला नव्हता. विचारले तर जावयाचे गुडघे सांगे.

“आता बोलते ते शेवटचं,” तुवेली म्हणाली. “आजपासून त्याच्या कानावर माझा आवाज पडता कामा नये. माझ्या छातीतून फक्त तुझा येईल. मग एक दिवस तू त्याला स्वतःच्या छातीशी घेशील. ते तुला ओळखेल.”

“आणि तू?”

“मी जाईन. खिंड मिटायच्या आत. इथे राहिले तर वासाने परत माझ्याकडे वळेल.”

“वाल्देला गेल्यावर तरी बोलशील ना?”

तुवेलीने दाराकडे, आतल्या चुलीकडे बघितले. “विस्तव आपला पहिला आवाज डोंगरापलीकडूनही ओळखतो. ओसीनआत्या सांगायची. खरं असेल, नसेल. मी तुझ्या पोरीवर ते करून बघणार नाही. तुझ्या चुलीला स्वतःची पिल्लं झाली की मग ती पहिल्या आवाजामागे कुठे जात नाही. तोवर मी बोलणार नाही. कुठेही.”

“मावशी, पिल्लं व्हायला... माझी मुलगी नांदायला जाईल तोवर.”

“मग तोवर.”

“आणि पहाटेचा नेम? तो तर मोठ्यानेच घ्यायचा असतो.”

“चौघं कानांनीच ऐकतात असं तुला कुणी सांगितलं?” तुवेली म्हणाली. मग निघता निघता, “मुलीचं नाव काहीतरी सोपं ठेव. हाक मारायला बरं पडतं.” आणि ती वळली. हेस्नीला वाटले ती आणखी काही बोलेल. ती बोलली नाही.

त्या घरात मग सगळ्यात जास्त बोलायला लागली ती हेस्नी. सकाळपासून ती म्हातारीच्या पाठीला चिकटून बसे. बोलायला विषय संपले की सासऱ्याच्या कागाळ्या सांगे. राग्दू ऐकून फुरफुरे, “माझ्या घोरण्याबद्दल विस्तवाला काय सांगायचंय!” पिल्लू आधी गोंधळले, मग चिडले. तुवेलीच्या तोंडावर पंजे मारून त्याने तिच्या हनुवटीला चटका दिला. तिने ‘आई गं’सुद्धा म्हटले नाही. खोकला आला की ती उठून शालीत तोंड कोंबून अंगणापलीकडे पळे. एकदा परतायला तिला इतका वेळ लागला की बोर्घन शोधायला गेला. ती बर्फात गुडघे टेकून बसलेली होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. तो आल्या पावली मागे फिरला.

पहिला मोठा हिमवर्षाव आला आणि थांबला, त्या सकाळी हेस्नीने पिल्लाला शालीतून काढून स्वतःच्या छातीशी घेतले. तुवेली समोर, हाताच्या अंतरावर बसली होती. पिल्लू तिच्याकडे वळले. मग हेस्नी बोलली. तेच बोलणे, तोच आवाज, फक्त आता मध्ये दुसऱ्या कुणाची हाडे नव्हती. पिल्लाने छातीला कान लावला. खूप वेळ लावून ठेवला. मग ते हेस्नीच्या मानेच्या खळग्यात शिरले.

राग्दूने काठी शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवले.

तुवेली उठली. तिने मुलीच्या कपाळाला बोट लावले, चुलीला हात जोडले आणि रिकामे मडके उंबऱ्याबाहेर उपडे ठेवले, वाहणे सोडलेली बाई ठेवते तसे. राग्दू तिच्या मागोमाग बाहेर आला. त्याने तिच्या हातात लोण्याचा गोळा दिला, पानात बांधलेला. “वाटेत खा,” म्हणाला. “आणि... नीट जा, बाई.”

बोर्घनने जावयाला बाहेर काढले होते. खिंडीत अजून वाट दिसत होती, पांढऱ्यावर पांढरी. त्याने सवयीने काहीतरी बोलायला तोंड उघडले, तिच्याकडे बघितले आणि दोर हातात घेऊन गपचूप पुढे झाला.

दहा-बारा पावले गेल्यावर मागून आतल्या चुलीत पिल्लाचा बारीक आवाज आला. ओली काडी तडतडावी तसा, परत परत. ते तिला शोधत होते. लगेच हेस्नीचा आवाज सुरू झाला, मोठ्याने, भरभर, भांड्यांची नावे, गाईंची नावे, सासऱ्याचे घोरणे, जे सापडेल ते, श्वासही न घेता. तडतड थांबली, पुन्हा झाली, पुन्हा थांबली.

तुवेलीने वळून बघितले नाही. तिने शालीचे टोक दातांत धरले आणि उतरणीला लागली.